आईच्या नवसात बसणारे विंग्ज

एक्क्याण्णव साली मी अमेरिकेला निघालो तेव्हा आई मिरज स्टेशनपर्यंत आली होती. डब्यात चढण्याआधी तिनं माझ्या हातावर दही ठेवलं. "दोन वर्सं म्हटलायस. ध्यानात ठेव," एवढंच बोलली. गाडी हलली तेव्हा माझं मन विमानात जाऊन बसलं होतं. फलाटावर उभी राहून ती काय ठरवत होती, ते मला फार उशिरा कळलं.

सांगलीत राहिलेल्या माझ्या माणसांनो आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही.

दोन वर्षांची चार झाली, मग मी मोजणं सोडलं. बफेलो नावाच्या शहरात नोकरी लागली, ग्रीन कार्डाचा अर्ज गेला. फोनवर आई विचारायची, "कवा येतोस?" मी म्हणायचो, "बघू." या एका शब्दावर मी वर्षं काढली.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात थोरल्या बहिणीचा, ताईचा, फोन आला. आई तिच्याकडंच राहायची. न्हाणीत घसरून आईचं उजवं मनगट मोडलं होतं. मी रजा काढून आलो. हाडं ठिसूळ झालीत, रोज दूध द्या, असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आई दुधाला शिवायला तयार नव्हती.

"असा कसला हट्ट?" मी ताईला विचारलं.

"हट्ट न्हाई. तू गेलास तवापास्नं तिनं दूध, दही, तूप, समदं सोडलंय. तू कायमचा घरी येस्तवर. गावच्या देवीपुढं बोललीय ती. तुला सांगू नगं म्हणाली हुती."

 

दुसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "तिकडं काय खातोस ते करून घाल की."

मी बफेलो विंग्ज म्हटल्यावर तिनं डोळे मोठे केले. "म्हशीला पंख कवा फुटलं रं?"

आमच्या शहराच्या नावानं ओळखले जाणारे ते कोंबडीचे पंख. तळायचे आणि लोणी घातलेल्या तिखट सॉसमध्ये घोळवायचे. आई माळकरी, तळलेलं पित्तामुळं बंद, आणि लोणी माझ्यामुळं. मी फ्लॉवर आणला. तुरे धुऊन फडक्यावर कोरडे केले. मैदा, तांदळाचं पीठ, लसूण, मीठ पाण्यात कालवून त्यात बुडवले. ताई ज्यात नानकटाई करायची त्या गोल ओव्हनमध्ये, तेलाचा हात फिरवून, कडा लालसर होईतो भाजले. लोण्याच्या जागी शेंगतेल घेतलं. त्यात भिजवून वाटलेली ब्याडगी, व्हिनेगर, थोडा गूळ. तुरे त्यात घोळवून पुन्हा ओव्हनमध्ये, सॉस अंगाला चिकटेपर्यंत. दुधाचा थेंबही कुठं लागू नये म्हणून मी भांडीसुद्धा दोनदा घासली. तिचा नवस मीच सांभाळत होतो.

हात प्लास्टरात, म्हणून मी तिला भरवलं.

"लय झ्याक झालंय. तिकडं कोण करून घालतं तुला?"

"माझं मीच करतो."

"आन् मिरची, पीठ?"

"सगळं मिळतं."

ती बराच वेळ चावत राहिली. "म्हंजी तुझं तिथं काय अडत न्हाई."

"नाही." आणि मग तोंडातून गेलंच. "आई, मी परत येणार नाही. नवस संपला आता. दूध घे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावली नाही. "तुला इचारून बोलले व्हते व्हय? तू न्हाई म्हटलंस म्हणून ते सुटत न्हाई, बाळा. आणखी एक दे."

ताईनं मला परसात गाठलं. "खोटं बोलला असतास तर जीब झडली असती? कायमचा आलोय म्हणायचं, दूध प्यायली असती."

मी तिला सांगितलं, आईच्या हाडांसाठीच खरं बोललो. पुढं सगळ्यांना हेच सांगत आलो. ते तसं नव्हतं. "कवा येतोस" ऐकणं मला सोसत नव्हतं. मला त्यातून सुटायचं होतं, आणि मी सुटलो. त्यानंतर आईनं फोनवर तो प्रश्न कधीच विचारला नाही. जेवलास का, थंडी किती हाय, एवढंच. दूध तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. पुढं खुबा मोडला आणि ती उठलीच नाही.

आजही मी सांगलीला जातो. ताई प्रेमानं करते, भाचे गाडी घेऊन न्यायला येतात, माझ्यासाठी खोली झाडून ठेवलेली असते. पण मी आलो काय, न आलो काय, कुणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. चार दिवस झाले की भाचा सहज विचारतो, "मामा, परतीचं तिकीट कधीचं?" आणि मी लगेच तारीख सांगतो.