ताईच्या बाहुल्यांचे फोटो

ताई निवृत्त झाली आणि वर्षाच्या आतच तिला अर्धांगाचा झटका आला. तिची सगळी नोकरी मालेगावकडच्या शाळांमध्ये गेली. लग्न केलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेतल्या बायकांबरोबर कुठेतरी फिरायला जायची आणि येताना साडी नाही, मिठाई नाही, एक बाहुली घेऊन यायची. राजस्थानातलं कापडी जोडपं, बंगालची मातीची कोळीण, काश्मीरची फेरन घातलेली. काचेच्या कपाटात त्या ओळीने उभ्या असत. पुसायच्या तरी ताईनेच पुसायच्या.

झटक्यानंतर मी तिला नाशिकला आमच्याकडे आणलं. इंदिरानगरचा फ्लॅट, माझी सरकारी कचेरीतली नोकरी, यांची सातपूरच्या कारखान्यात पाळी. त्यात ताईचा पलंग आला आणि तिच्या मागोमाग बाहुल्यांचं कपाट आलं. ते हॉलमध्ये बसवायला आम्ही सोफा देऊन टाकला. ताईची उजवी बाजू लुळी पडली होती, पण त्याहून वाईट म्हणजे वाचा गेली होती. कळायचं सगळं. बोलायला गेली की तोंडातून "नाही" एवढंच यायचं. चहा हवा असला तरी "नाही", नको असला तरी "नाही". सुरावरून अर्थ लावायचा. दिवसभर कचेरीत लोकांचं ऐकून आल्यावर संध्याकाळी मला तो सूर लागेनासा व्हायचा.

वाचा-उपचार करणारी मुलगी आठवड्यातून एकदा घरी यायची. तिने पहिल्यांदा दुकानात मिळतात तसले तक्ते दाखवले. सफरचंद, छत्री, बदक. ताईने तोंड फिरवलं.

"काकू, यांच्या जिव्हाळ्याचं काहीतरी हवं," ती म्हणाली. "आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या बाई बदक बघून कशाला बोलतील?"

मी कपाटातली कोळीण काढून ताईच्या हातात दिली. डाव्या हाताने धरायची तिला अजून सवय नव्हती. कोळीण सुटली, फरशीवर पडली आणि तिचं डोकं वेगळं झालं. ताई रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि संध्याकाळी जेवलीही नाही. त्यानंतर मी नुसती कपाटाला किल्ली लावली तरी पलंगावरून "नाही, नाही" सुरू व्हायचं.

म्हणून फोटो. बाहुल्या कपाटात सुरक्षित राहतील आणि ताईला हातात धरायला कार्ड मिळेल, असा माझा हिशेब. फोटो काढण्यात काय एवढं? लग्नामुंजीत काढतोच की आपण.

कचेरीतून आले, कुकर लावला आणि शिट्ट्या होईपर्यंत काचेबाहेरूनच भराभर सगळ्या बाहुल्यांचे फोटो काढले. फ्लॅश आपोआप उडत होता. कॉलेज रोडवरच्या स्टुडिओतून छापून आणले. ताईने एकेक कार्ड डाव्या हाताने उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि पलंगाखाली टाकलं. तिला बाहुल्याच ओळखू येत नाहीत, असं वाटून मला धसका बसला. पुढच्या वेळी ती मुलगी आली तेव्हा मी तिला कार्डं दाखवली.

ती जरा वेळ बघत राहिली. "रागावू नका काकू, पण मलाच कळत नाहीये. हा पांढरा गोळा म्हणजे चेहरा का?"

मी चष्मा लावून पाहिलं. काचेत फ्लॅश चमकला होता, बाहुल्यांचे चेहरे तेल चोपडल्यासारखे झाले होते, आणि एकीच्या मागे माझंच प्रतिबिंब, खांद्यावर नॅपकिन टाकलेलं. ताईचं काही चुकलं नव्हतं.

मग बाहुल्या बाहेर काढणं आलं. त्यासाठी ताईची समजूत काढावी लागली. "तुझ्या हातात देत नाही. मीच धरते, टीपॉयवर ठेवते, लगेच परत आत," असं प्रत्येक वेळी सांगायचं. फ्लॅश बंद केला. पण संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली गोऱ्या बाहुल्या आजारी दिसायच्या आणि मागे सिलिंडर, कॅलेंडर, चपलांचा स्टँड, सगळं यायचं. मी उभी राहून वरून फोटो काढायचे. डोकं भलं मोठं, पाय मुंगीएवढे. जवळ जाऊन काढला तर नाक फुगायचं. ताई बघायची आणि कार्ड बाजूला टाकायची. छापण्यात अर्थ नाही म्हणून मी फोनवरच दाखवू लागले, तर फोन ढकलायची.

एका रविवारी आंघोळ, कपडे, तिचा व्यायाम असं सगळं उरकल्यावर माझ्यात त्राण उरलं नाही. मी भिंतीला पाठ टेकून फरशीवरच बसले. काश्मीरची बाहुली खिडकीजवळच्या टीपॉयवर तशीच राहिली होती, उचलायचा कंटाळा आला होता. बसल्यावर ती बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली. खिडकीतून, पातळ पडद्यातून, तिच्या एका गालावर उजेड पडला होता. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा दिसलं की तिला चेहरा आहे. भुवया बारीक काढलेल्या, ओठ जरासे मिटलेले, कुणावर तरी नाराज असल्यासारखे. मी उठलेच नाही. बसल्या जागेवरून, फोन गुडघ्यावर टेकवून, थोडं झूम करून फोटो घेतला.

ताईने तो खूप वेळ पाहिला. "नाही" म्हणाली नाही. फोन छातीवर ठेवून तशीच झोपली.

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी एकच बाहुली घ्यायची असं ठरवलं. अधिक झेपतही नव्हतं. मागे लावायला माझी जुनी राखाडी चादर होती, तिच्यावर एकही फूल नव्हतं. स्क्रीनवर बाहुलीच्या डोळ्यांवर बोट ठेवलं की डोळे ठळक येतात, हे मी शिकले. तंजावरच्या बाहुलीची मान एकदा हलली की थांबायलाच तयार नसायची. तोवर फोन डब्याला टेकवून वाट बघायची. खिडकीच्या उलट बाजूचा गाल काळा पडायचा, म्हणून तिकडे पांढरा कार्डशीट धरावा लागे. ते काम यांच्याकडे. रात्रपाळी करून आलेला माणूस कार्डशीट धरून उभ्या उभ्या पेंगायचा. कार्डशीट खाली आला की बाहुलीचा गाल पुन्हा काळवंडायचा.

"अहो, वर धरा."

"वरच आहे."

"कुठे वर? पोटावर आलाय."

"मग माझंच पोट पांढरं रंगव," हे वैतागून म्हणाले आणि ताई हसली. आवाज न करता, अर्ध्या चेहऱ्याने, पण हसली.

चांगलं चाललंय असं वाटेपर्यंत ती आजारी पडली. ताप, खोकला, पुन्हा दवाखाना. परत आली तेव्हा होता नव्हता तो हुरूपही गेला होता. मी रजा संपवून बसले होते. फोटो राहून गेले. वाचा-उपचारवाली मुलगीही जरा निराश झाली. "काकू, काही जणांची वाचा इथवरच येते," असं तिने मला दाराशी हळूच सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर फक्त दमल्यासारखं वाटलं.

तरी एका सकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, राजस्थानी जोडपं टीपॉयवर ठेवलं. नवरदेवाच्या पगडीची सावली नवरीच्या तोंडावर पडत होती. माझ्या ते ध्यानात आलं नाही. फोटो काढला, ताईसमोर धरला. तिने फोन ढकलला. ओठ हलवले. मला वाटलं, आलं आता "नाही".

"अंधार शे," ताई म्हणाली.

"शे" म्हणजे आहे. आमच्या घरी ही अहिराणी कुणी बोलत नव्हतं. मालेगावकडच्या पोरांमध्ये राहून ताईच्या तोंडात ती बसली होती, आणि वर्गात मात्र ताई पोरांना प्रमाण मराठी शिकवायची.

"काय म्हणालीस?"

तिने डावा हात उचलून नवरीकडे दाखवलं. "अंधार. शे."

मी हाक मारली तशी हे आतून धावत आले. मी नवरदेवाला बाजूला सरकवलं, पुन्हा फोटो काढला, ताईला दाखवला. तिने मान डोलावली. एवढंच. दुपारपर्यंत पुन्हा "नाही"वर आली.

शब्द त्यानंतर आले, पण सावकाश, आणि बाहुल्यांची नावं त्यात आलीच नाहीत. "पडदा" आला. "खाली बस" आलं. "वाकडं" आलं, ते तर वारंवार. मुलगी म्हणते, चालेल, जे येतंय ते येऊ द्या. ताई पूर्वीसारखी बोलेल अशी आशा आता आम्ही कुणी धरत नाही. उजवा हात तसाच आहे. मला रजा मिळत नाही, यांची पाळी बदलत नाही, आणि माझे गुडघे फरशीवरून उठताना कुरकुरतात.

परवा सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. खिडकीत उजेड असा नव्हताच. तरी सवयीने मी एक लाकडी बाहुली काढली, चादर लावली आणि खाली बसायला वाकले. ताईने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"उद्या," ती म्हणाली.

मी बाहुली आत ठेवली, कपाटाला किल्ली लावली आणि तिच्या पलंगाच्या कडेला जागा करून आडवी झाले.