गोदाक्काचं अकरा ओळींचं पत्र

साल १९४४, मार्गशीर्षातला शनिवार, दुपार. पत्र एक, ओळी अकरा. हजर माणसं सहा: गोदाक्का, किराणा दुकानाचे धोंडीतात्या, दुकानापुढं टेकलेले तीन गडी आणि मी. त्या दुपारचं मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोला नाही. बावीस वर्षं झाली. तुम्हाला आता सांगतो — पण नीट, पहिल्यापासून सांगू द्या. अध्येमध्ये थांबलो तर थांबू द्या.

मी तेव्हा सोळा वर्षांचा, कऱ्हाडला इंग्रजी पाचवीत. गाव कडेगावच्या वाटेवर, नऊ मैल. शनिवारी सकाळची शाळा सुटली की चालत घरी, रविवारी संध्याकाळी भाकऱ्या बांधून परत. वर्गात आम्ही एकतीस. इंग्रजीच्या तासाला मोठ्यानं वाचायचे वीस गुण असत, मला अठरा मिळत. वाचलेल्याचा अर्थ सांगायलाही वीसच होते. त्यात मला सात. गावाला फक्त अठरा ऐकू यायचे.

आमचे मास्तर कडक, पण त्यांच्या छडीचा नियम वेगळा होता. धडा संपला की विचारायचे, कुणाला काय कळलं नाही? न कळलेल्यानं उभं राहून इंग्रजीत म्हणायचं, ‘मला ठाऊक नाही, सर.’ त्याला छडी नाही. ठाऊक नसताना थाप मारली, तर दोन. ‘एवढं एक वाक्य शिकून गेलात तरी माझा पगार वसूल झाला,’ असं ते म्हणत. बहुतेक पोरं ते शिकली. मी पाच वर्षांत एकदाही उभा राहिलो नाही. कसा राहणार? अठरा गुणवाला ना मी!

गोदाक्का विधवा. तिचा एकुलता एक शंकर पलटणीत. आमच्याकडं बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी पलटणीत असायचं, त्यामुळं पत्रांचं नवल नव्हतं. पण ती मराठीत यायची. हे इंग्रजी, टाईप केलेलं, खाली सही. टपालवाला ते दुकानात ठेवून गेला होता आणि मी येईपर्यंत दोन दिवस ते तसंच पडून होतं.

मी वाचलं. खणखणीत वाचलं. एकदाही अडखळलो नाही.

‘‘आरं तिच्या!’’ धोंडीतात्या म्हणाले. ‘‘सायबाला तरी जमंल का रं आसं? आमच्या बंडूनं पाच वर्सं म्हशी राखल्या, ह्येनं इंग्रजी राखलं!’’

सगळे हसले. गोदाक्का हसली नाही. ‘‘लेकरा, म्हनतंय काय त्ये सांग की.’’

अकरा ओळींतलं मला काय कळलं होतं? शंकरचं नाव, त्याचा नंबर, पुणं, इस्पितळ. चार गोष्टी. बाकीचं मला ठाऊक नव्हतं. तसं सांगायला काय लागलं असतं? पण समोर पाच तोंडं वर करून बसली होती — आणि मी म्हणालो, ‘‘शंकरदादा आजारी हुता, पुन्याच्या इस्पितळात. आता बरा हाय. सुट्टी मिळनार हाय. काळजी करू नका म्हनत्यात.’’

तिनं तात्यांकडून गूळ घेतला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. पहिला खडा माझ्या. ‘‘वाचनाऱ्याला आधी,’’ म्हणाली. उत्तर लिहायचं म्हणून मी पत्राची वहीत नक्कल करून घेतली. खरं कारण वेगळं होतं. न कळलेल्या ओळी मला लावून बघायच्या होत्या.

इथवर तुम्ही म्हणाल, पोरवय होतं, चूक झाली. मीही स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगत आलो. पण सांगायचं ते हे नाहीच.

सोमवारी मधल्या सुट्टीत वर्गाच्या कपाटातला शब्दकोश काढला आणि एकेक शब्द लावत गेलो. घंटा होईतो सगळं पत्र कळलं. शंकर अत्यवस्थ होता. घरच्यांनी ताबडतोब यावं, फाटकावर हे पत्र दाखवावं, आत सोडतील — असं होतं.

म्हणजे मला सोमवारी दुपारी कळलं. शनिवारी नव्हे, सोमवारी! नऊ मैल म्हणजे माझी तीन तासांची चाल. संध्याकाळी निघालो असतो तर मंगळवारच्या गाडीनं गोदाक्का पुण्याला गेली असती. मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः माणूस धाडला असता. त्याच दुपारी इंग्रजीचा तास होता. वही माझ्या मांडीवर होती. मास्तरांनी रोजच्यासारखं विचारलं. मी खाली बघत बसलो.

का गेलो नाही? पाच माणसांपुढं जाऊन ‘मला वाचता आलं नव्हतं’ म्हणावं लागलं असतं, म्हणून. एवढंच कारण. दुसरं मी खूप शोधलं, नाही सापडलं.

बुधवारी पेठेत धोंडीतात्या भेटले, माल भरायला आले होते. ‘‘काय सायेब! आक्कानं इचारलंय, उत्तर धाडलंस का?’’

मी म्हणालो, ‘‘धाडलं.’’

त्यांची बैलगाडी समोर उभी होती. तोंड उघडलं असतं तर बातमी रात्रीपर्यंत गावात पोचली असती.

शंकर गुरुवारी संध्याकाळी गेला. शुक्रवारी तार आली, ती त्या दिवशी फिरतीवर आलेल्या तलाठ्यानं वाचली. शनिवारी मी गावात शिरलो तर गोदाक्काच्या दारात माणसं. मला बघून ती उठली, माझे दोन्ही हात धरले. ‘‘तू वाचलंस तवा बरा हुता की रं माजा शंकर. मागनं येकाएकी बिघडलं आसंल. व्हय न्हवं?’’

मी ‘व्हय’ म्हणालो.

मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार संध्याकाळ. दोन दिवस. ते तिचे होते आणि मी ते घेतले. त्यावर हा ‘व्हय’. पुढं बावीस वर्षं ती येईल त्याला सांगत राहिली की शंकरला फार भोगावं लागलं नाही, आठ दिवसांपूर्वी चांगला होता, आमच्या मास्तरनं वाचलंय. मास्तर म्हणजे मी. मी सांगलीला एका पेढीवर हिशेबनीस झालो, दोन मुलांचा बाप झालो. दर दिवाळीला तिच्याकडं जायचो, ती पाट मांडायची, आणि मी त्यावर बसून जेवायचो.

गेल्या महिन्यात कळलं की ती फार थकली आहे. मनात पहिला विचार कोणता आला सांगू? ती गेली की हे संपेल. तो विचार मला स्वच्छ ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गेलो.

ती सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. शनिवार, सोमवार, बुधवार, एकही दिवस न गाळता. तिचे हात चालूच होते. मग मी पत्र सांगितलं. मला अकरा ओळी पाठ आहेत. मराठी करून एकेक सांगत गेलो. सातव्या ओळीत होतं, ‘रोगी शुद्धीवर असून आपल्या आईला बोलवा म्हणून रोज सांगतो.’

तिचे हात थांबले.

‘‘ती पुन्यांदा सांग.’’

मी सांगितली.

‘‘आनी येकदा.’’

तिसऱ्यांदा सांगितली. उरलेल्या चार ओळी तिनं ऐकल्या नाहीत. सूप बाजूला सरकवलं, भिंतीला धरून उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ बसलो होतो. मग एस.टी.ची वेळ झाली, उठलो.