बिनफोडणीचा भात

हिवाळ्यातल्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ऊन तिरपं येतं. ओट्यावरून खाली उतरतं, फरशीवर पसरतं आणि आमच्या कुत्रीच्या पाठीवर येऊन थांबतं. त्या उन्हात छोट्या कुकरची वाफ चढायची. तांदूळ, दुधी, लाल भोपळा. मीठ नाही, हळद नाही, तेलाचा थेंब नाही. आई माझ्याकडं राहिली ते दिवस आठवायला बसले की मला आधी ती वाफ दिसते. मग वाफेच्या पलीकडं, मागच्या दाराच्या पायरीवर बसलेली आई दिसते. बाकीचं मग हळूहळू दिसायला लागतं.

कुत्री गावरान. पांढरी, एक कान तपकिरी. लेकीनं कॉलनीच्या मैदानातून उचलून आणली होती. पुढं लेक शिकायला बाहेरगावी गेली आणि कुत्री राहिली माझ्या गळ्यात. "आणायचं हिनं आणि निस्तरायचं मी," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. मी तोंडाची फटकळच आहे. त्यात शाळेत पोरं शिकवून शिकवून आवाज चढलेला. पण खरं सांगते, तिच्यावर माझा लई जीव. दुपारी शाळेतून आल्यावर फाटकाच्या आत ते नाक दिसलं नाही तर मी चप्पल न काढताच तिला हाका मारत घरभर फिरायचे.

वय झालं तशी तिची किडनी कमजोर झाली. डॉक्टरांनी पाकिटातलं खाणं बंद केलं. "घरचं करून घाला," ते म्हणाले. "मऊ भात, दुधी, भोपळा, अंड्यातला पांढरा भाग. मीठ-तेल नको. आणि कांदा-लसूण तर चुकूनसुद्धा नको, कुत्र्याचं रक्त खराब होतं त्यानं." झालं! ज्या बाईला नवऱ्याचा डबा करायचा कंटाळा, ती रोज सकाळी कुत्रीसाठी भोपळा किसायला लागली. शहागंजातला अंडीवाला मला ओळखायला लागला. "बाजी, सफेदी कुत्ती कू, और पीला साब कू?" त्यानं एकदा विचारलंच. "हौ," मी म्हटलं, "पन साब कू बोलना नक्को." आमचे हे चितेगावच्या कंपनीत आहेत. रोज डब्यात पिवळीजर्द भुर्जी न्यायचे आणि हल्ली अंडी चांगली मिळतात म्हणून खूश असायचे.

त्याच हिवाळ्यात माझे वडील वारले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दौलताबादच्या किल्ल्याखाली आमचं गाव, थोडी शेती, घराजवळ सीताफळाची झाडं. दादा सकाळी झाडांकडं गेले आणि तिथंच बसल्या जागी गेले. त्रास नाही, दुखणं नाही. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. मरणाऱ्याच्या भाग्याचं असेल, माझी आई मात्र जागच्या जागी थिजली. रडली नाही. तेरावं झालं तशी भावानं मला बाजूला घेतलं. "ताई, आईला थोडे दिवस तुझ्याकडं ने. इथं तिला घास जात नाय. अशीच राहिली तर तीबी हातची जाईल."

म्हणून आई आली. आली म्हणजे काय, मी आणली आणि मागच्या पायरीवर ठेवली. ती तिथं बसून राहायची, लिंबाच्या झाडाकडं बघत. मधेच म्हणायची, "ऊन वर आलं गं, अजून कसे आले नाय?" कोण आले नाहीत, हे मी विचारायचे नाही. विचारायची हिंमतच व्हायची नाही. मी म्हणायचे, "आई, चहा घे." ती चहा घ्यायची, त्यात अर्धं बिस्कीट बुडवायची आणि ते विरघळून तळाला जाईपर्यंत बघत बसायची. जेवायचं ताट तसंच परत यायचं. हातात उरलेल्या दोन पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

पहिल्याच सकाळी भांडण झालं. कुकरची वाफ बाहेर गेली आणि आई पायरीवरून ताडकन उठून आत आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं.

"कोण गेलं गं?"

"कुठं कोण गेलं?"

"मग बिनफोडणीचं काहून शिजतंय?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं सुतकात फोडणी देत नाहीत. माणूस गेलं की तेरावं होईपर्यंत घरात मोहरी तडतडत नाही, लसणाचा वास येत नाही. भावकीतल्या बाया अळणी वरण, भात, भाकरी झाकून आणतात आणि घरानं ते गुमान गिळायचं. गल्लीतून जाणाऱ्यालाही वासावरनं, म्हणजे वास नसण्यावरनं, कळतं की या घरातलं माणूस गेलंय. तेराव्याला गोडाधोडाचं होतं, कढईत तेल पडतं, तेव्हा कुठं सुटका. आई त्यातून परवाच बाहेर पडलेली आणि मी तिच्या नाकाखाली तेच शिजवत होते.

"आई, कुत्रीचं आहे ते. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुत्रीला कुणाचं सुतक आलं?"

"तिची किडनी—"

"तुझ्या दादाचं तेरावं झालं बाई, पण तुझ्या घरात रोज सुतक शिजतंय," ती म्हणाली. पदर नाकाला लावून परत पायरीवर जाऊन बसली.

मला राग आला. शाळेची वेळ होत होती, नळाला पाणी यायचा दिवस होता आणि टाकी भरायची होती. मी म्हटलं, "बरं, मग मरू दे का तिला?"  कुत्री उठली, आळस देत बाहेर गेली आणि आईच्या पायाशी वेटोळं करून पडली. आईचा हात आपोआप खाली गेला, तिच्या तपकिरी कानावर.

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातले असल्यासारखे आठवतात. सगळं मऊ, आवाज नसलेलं. मी कुकर लावून, भात निवायला ठेवून शाळेत जायचे. परत यायचे तेव्हा पायरीवर दोघी असायच्या. आई भिंतीला टेकून पेंगत असायची, कुत्री झोपेत पाय हलवत असायची, बहुतेक कुठल्या तरी मांजरामागं धावत असावी. लिंबाची सावली दोघींच्या अंगावरून सरकायची. कुत्रीचं भांडं चाटूनपुसून लख्ख. आणि नवल म्हणजे आईचं ताटही घासून पालथं घातलेलं. गालावर जराशी तकाकी आली होती. मी विचारलं, "जेवलीस?" तर म्हणाली, "जेवलो की दोघी." मला इतका आनंद झाला! मी भावाला फोन केला, "आई खायला लागली रे!" तो पलीकडं रडला. कुत्रीही पूर्वी माझा भात हुंगून हुंगून खायची, ती आता कुकरची शिट्टी झाली की नाचायची. मी यांना म्हटलं, "बघा, माझ्या हाताला चव आली." हे म्हणाले, "उशिरा का होईना."

मग कुत्री मलूल झाली. जिना चढेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि लघवी चहासारखी गडद व्हायला लागली. मी सुट्टी टाकून तिला रिक्षातून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिचा ओठ वर करून बघितला, रक्त घेतलं आणि विचारलं, "कांदा-लसूण खाण्यात आला का?"

"शक्यच नाही," मी ठणकावून सांगितलं. "मी स्वतः शिजवते. देवाच्या नैवेद्यापेक्षा जास्त सोवळं पाळते मी तिच्या भाताचं."

त्यांनी सलाईनची बाटली अडकवली. म्हणाले, "सलाईन लावतो. संध्याकाळी न्या. पण घरी जाऊन एकदा बघा."

घरी आले. आई पायरीवर बसली होती. "कशी हाय गं ती?" म्हणत तिनं माझा हात धरला आणि तेव्हा मला तिच्या बोटांचा वास आला. ठेचलेल्या लसणाचा वास. पाण्यानं जात नाही तो.

मागच्या अंगणात, बादलीआड, फोडणीची लोखंडी पळी होती. काळी, तेलकट. विचारलं तर आईनं सगळं सांगितलं. मी रोज शाळेत गेले की ती कुत्रीचा भात पुढ्यात घ्यायची. पळीत तेल तापवायची, जिरं-मोहरी टाकायची, कांदा परतायची, वरून लसूण ठेचून घालायची आणि ती फोडणी त्या भातावर चर्र करून ओतायची. मग त्यातला अर्धा भात कुत्रीच्या भांड्यात आणि अर्धा स्वतःच्या ताटात. दोघी जेवायच्या.

"मुक्या जिवाला सुतकाचं कोण घालतं?" आई म्हणाली. तिला अजून कळलंच नव्हतं. "तिला गोड लागायचं, माय. तिला बघून मलाबी दोन घास जायचे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझ्या तोंडाशी इतकं काही आलं होतं, पण ओरडायचं कुणावर? जी फोडणी कुत्रीला मारत होती तीच माझ्या आईला जगवत होती. मी ती पळी हातात धरून उभी राहिले, आणि मला रडू फुटलं. शेवटी सांगावं लागलंच. शक्य तितक्या हळू सांगितलं. माझ्या आवाजाला हळू म्हणजे काय ते ठाऊक नाही, तरी. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग बोटं पदराला पुसली, परत पुसली, पुसतच राहिली.

संध्याकाळी कुत्रीला आणलं. डॉक्टर म्हणाले होते, आता औषधापेक्षा पोटात अन्न जाणं महत्त्वाचं, नाही खाल्लं तर आपल्या हातात काही नाही. आणि नेमकं तेच होईना. मी बिनफोडणीचा भात मऊ मऊ करून पुढं ठेवला, तिनं नाक लावलं आणि तोंड फिरवलं. लसणाची चटक लागलेल्या जिभेला तो कसला रुचतोय! हातानं भरवला, बाहेर काढला. "अगं खा गं, भवाने," मी तिला शिव्या दिल्या, मुके घेतले. काही नाही. आणि इकडं आईचं ताट परत जसंच्या तसं यायला लागलं. "त्या मुक्या जिवाला उपाशी ठेवून मी खाऊ व्हय?" म्हणायची. दोघी पायरीवर पडलेल्या, दोघींचे डोळे अर्धे मिटलेले. हे मला हळूच म्हणाले, "कुणाकडं आधी बघायचं?" तो विनोद नव्हता. 

रविवार होता. ऊन फरशीवर उतरलं होतं. मी भोपळा किसत होते, उगाच, सवयीनं. आई आत आली आणि म्हणाली, "सरक."

मी सरकले. तिनं स्वतः तांदूळ धुतले, दुधी चिरला, भोपळा टाकला. कुकर लावला. शिट्टी होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली, आणि ती वाफ, तो न आलेला वास, तिनं नाकाला पदर न लावता घेतला. मला वाटलं आता ही पळी मागेल. नाही मागितली. तिनं भात ताटात काढला, कुत्रीच्या भांड्यात नाही, स्वतःच्या ताटात. कुत्रीशेजारी फरशीवर मांडी घातली. भात कालवला, घास केला आणि तोंडात घातला.

चावतच राहिली. घास फिरतोय, फिरतोय, उतरत नाही. तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी म्हटलं, "आई, थुंक तो. तुला नाही खायचं ते." तिनं हातानंच मला गप केलं. आणि गिळला.

कुत्रीनं मान उचलली. आईचं तोंड हलताना बघितलं की तिची शेपटी हलायची, तशी जराशी हलली.

"तुझ्या दादाच्या सुतकात मी हे खाल्लंच नव्हतं," आई म्हणाली. माझ्याकडं नाही, कुत्रीकडं बघत बोलत होती. "बाया आणायच्या. मी पदराआड घ्यायचे आन् मागं जाऊन गाईला घालायचे. तेरा दिवस एक घास नाय घेतला. म्हणलं, मी सुतकाचं खाल्लंच नाय तर माझ्या घरात सुतक कसलं? ते हायेतच मग. शेताकडं गेलेत. येतील."

कुत्री पुढच्या पायांवर रेटत ताटापर्यंत आली. आईच्या बोटांना लागलेला भात चाटला. मग ताटातला, काठाकाठानं, सावकाश, दमून थांबत. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. पुसलं नाही तिनं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडत होती, आणि आवाज असा की मी शेजारच्या गावातल्या मयतीत ऐकला असता तरी ओळखला असता, की ही नवरा गेलेली बाई आहे.

"गेले गं माय," ती म्हणाली. "गेले तुझे दादा."

मी तिच्याजवळ फरशीवर बसले. इतके दिवस हा शब्द मीही तोंडातून काढला नव्हता.

"व्हय आई," मी म्हटलं. "गेले."

तिनं मान हलवली, कुत्रीकडं ताट थोडं सरकवलं आणि त्याच ताटातला दुसरा घास कालवला.