माझ्याकडे उशिरा या

आमच्या गावात बाई गेली की पहिला निरोप इमामाला जातो आणि दुसरा नाजियेताईला. मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधीपासून गावातल्या बायकांना शेवटची अंघोळ तीच घालते. पगार नगरपालिकेचा, जागा मशिदीमागची दगडी न्हाणी. हात मोठे, आवाज घोगरा, चाल भरभर. बाजारात ती समोरून आली की ओल्या बाळंतिणी बाळाच्या तोंडावर पटकन दुपटं ओढायच्या. तिला ते दिसायचं. मग ती मुद्दाम रस्ता ओलांडायची आणि पलीकडूनच ओरडायची, "माशाल्ला गं! नाक बापावर गेलंय, पण काळजी करू नकोस, पुढे सुधारेल!"

त्या वसंतात आमच्या गल्लीतली एम्साल गेली. चाळिशीही धड ओलांडली नव्हती तिने. शेवटी जिल्ह्याच्या शहरात, तोकातच्या हॉस्पिटलात नेली तेव्हा डॉक्टरांनी गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सांगितला, आणि फार पसरलाय म्हणून सांगितलं. आम्ही बायका न्हाणीबाहेर बाकावर बसलो होतो. एम्सालची आई आत पाणी ओतायला होती. बाहेर आली ती भिंतीला धरूनच.

"दोन वर्षं अंगावरून जात होतं तिच्या," म्हातारी म्हणाली. "मला कळलं ते हॉस्पिटलात. पुरुष डॉक्टरसमोर कसं जाऊ, म्हणून तोंड मिटून बसली पोर."

नाजियेताई मागून आली, रबरी बूट काढायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. धुणाऱ्या बाईने जे पाहिलं ते मातीबरोबर गेलं पाहिजे, हा तिचा नेम. एम्सालबद्दल त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही, पुढेही कधी नाही. पण दफन झाल्यावर घरी न जाता ती थेट सरकारी आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या नुराय नर्सने नंतर आम्हाला सांगितलं. आत येऊन टेबलासमोर उभी राहिली म्हणे, आणि विचारलं, "ते बायकांचं तपासतात ते काय असतं? माझं करा."

साठीला टेकलेली बाई, आणि आयुष्यात पहिल्यांदा.

भात भरून गुंडाळायला द्राक्षाची पानं खुडायचे दिवस आले. आमच्या अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका पानांच्या चळती लावून मिठाच्या पाण्यात भरत होत्या. माझ्या सासूबाई हुरिये मधोमध, राणीसारख्या. नाजियेताई आली, मांडी घालून बसली आणि पानं नीट करता करता म्हणाली, "मी स्मिअर करून आले."

"काय करून आलीस?"

"स्मिअर. कॅन्सर आधीच कळायची तपासणी. खाटेवर निजायचं, नर्स आतून एका छोट्या ब्रशने जरासं पुसून घेते, झालं. तुम्ही एक पान गुंडाळाल ना, तेवढा वेळ. पैसे नाहीत, पुरुष नाही. नुराय पडदा लावते, वर चादर घालते."

कुणीतरी खुदकन हसलं. सासूबाईंनी नाक मुरडलं. "या वयात? नवऱ्यालासुद्धा दिवा लावू दिला नाही मी कधी. आता त्या नर्सला दाखवू?"

"मग कुणाला दाखवणार आहेस, हुरियेताई?" नाजियेताईने पान खाली ठेवलं. "शेवटी तर माझ्याच दगडावर येणार. तेव्हा मी सगळं बघणारच आहे. दिवा लावून."

मग सासूबाईच आधी फिसकन हसल्या आणि त्यांच्यामागून सगळ्या.

"हसा," ती म्हणाली. "पण नीट ऐका. माझ्याकडे यायची घाई करू नका. मला कामाची कमी नाही. आधी नुरायकडे जा, म्हणजे माझ्याकडे उशिरा याल. सुरकुतलेल्या, दात पडलेल्या, नातवंडांना कंटाळा आणून मग या. तशांना धुताना मला बरं वाटतं."

हे नर्स कितीदा तरी सांगून गेली होती. दारावर कागद चिकटवले होते, फोनवर निरोप यायचे. आम्ही "हो हो" म्हणायचो आणि चहा ओतायचो. पण नाजियेताई सांगते तेव्हा ते निराळंच लागतं. आमची लाज तिच्यासमोर टिकत नव्हती, कारण आमच्या आया, सासवा, आत्या तिने न्हाऊ घातल्या होत्या आणि त्यांच्यातल्या एकीचंही कधी काही बाहेर आलं नव्हतं.

दर आठवड्याला ती चार-पाचजणींना घेऊन जायची. स्वतः बाहेर खुर्चीत बसायची, मांडीवर सगळ्यांचे कोट आणि पिशव्या. कुणी दारातून परत फिरली तर वाट अडवायची नाही. फक्त म्हणायची, "जा घरी. पुढच्या आठवड्यात पिशवी धरायला मी इथेच आहे." मी गेले. सासूबाईही गेल्या. येताना गल्लीच्या तोंडाशी म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी तीस वर्षं भीत होते होय!"

मग निकाल यायला लागले. आमचे चांगले आले. नाजियेताईचा आला नाही, तिला बोलावणं आलं.

नुरायने तिला बसवून सांगितलं, "ताई, नवरा-बायकोच्या संबंधातून लागणारा विषाणू सापडलाय आणि पेशी बिघडायला लागल्यात. कॅन्सर नाही अजून. पण तोकातला जाऊन पुढची तपासणी करायला हवी, आणि लवकर." ताई "बरं" म्हणाली, घरी आली आणि दाराला आतून कडी घातली.

गावाला चघळायला विषय मिळाला. बेकरीसमोर एक बाई म्हणाली, "मढ्यांपासूनच लागलं असणार." दुसरी म्हणाली, आता तिच्या हातून आमच्या बायकांना न्हाऊ घालून घ्यायचं की नाही ते बघावं लागेल. नाजियेताई दार उघडेना. तोकातची तारीख टळून गेली.

तेव्हा सासूबाई उठल्या. मला म्हणाल्या, "चल गं, सूनबाई. चपला घाल." दारावर त्यांनी मुठीने असं काही ठोकलं की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या.

"नाजिये! दार उघड, नाहीतर इथेच बसून तुझ्या नावाने गळा काढते!"

कडी निघाली. ताई केस न विंचरलेली, डोळे सुजलेले. इतक्या मरणांना हात लावलेली बाई, पण दाराची कडी सोडेना.

"मला भीती वाटते, हुरियेताई," ती म्हणाली. "मी पाहिलंय ना, शेवटी काय होतं ते. तुम्ही कुणी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

सासूबाईंनी तिचा मोठा हात धरला. म्हणाल्या, "तू जे पाहिलंस, त्यांना कुणी वेळेवर नेलं नव्हतं. तुला आम्ही नेतोय. आणि लोक म्हणतात, मढ्यांपासून लागलं..."

नाजियेताईने झटकन मान वर केली. "मेलेल्यांनी मला आजवर काही दिलेलं नाही. जे दिलं ते जिवंत माणसांनीच!" आणि तिथेच, उंबऱ्यात, दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता नाजियेताई रडली, आणि मग तोंड धुऊन आली.

नुरायने नवी तारीख घेतली. तोकातला आम्ही एक अख्खी मिनीबस भरून गेलो. ड्रायव्हर म्हणाला, "लग्न आहे का कुणाचं?" सासूबाई म्हणाल्या, "तू पुढे बघून चालव." हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही नऊजणी ओळीने बसलो होतो आणि आमच्या मांड्यांवर तिचा कोट, तिची पिशवी, तिची जपाची माळ, तसबीह. आतून एक तुकडा काढून तपासला. मग पुन्हा एकदा जाऊन, बिघडलेला भाग तेवढा काढून टाकला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, मुळं धरली नव्हती अजून. वर्षातून एकदा दाखवत जा.

महिनाभर जड उचलायचं नाही, असं सांगितलं होतं. आणि त्याच महिन्यात खालच्या आळीतली एक म्हातारी गेली, भरपूर वयाची, झोपेतच. निरोप नेहमीसारखा ताईकडे आला. तिने माझ्याकडे पाहिलं. "पाणी मी सांगेन तसं ओत. उचलायचं, वळवायचं ते तू कर."

न्हाणीत शिरून मी बाह्या वर केल्या. ताई स्टुलावर बसून हळू आवाजात एकेक सांगत होती. "आधी पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघ. फार गरम नको. चादर सरकू देऊ नकोस, खालून हात घाल. असं. नाव घेऊन बोल तिच्याशी, घाबरू नकोस." मी बोलले. म्हातारीचे केस पातळ, पांढरे, आणि अंगावर आयुष्यभराच्या सुरकुत्या. कापूर लावून झाल्यावर ताईने वाकून तिच्या कपाळावरचं पाणी आपल्या रुमालाने टिपलं आणि म्हणाली, "किती छान म्हातारी झाली बघ ही."

आता आम्ही दोघी हे काम करतो. मंगळवारी मात्र न्हाणीला कुलूप असतं आणि ताई आरोग्य केंद्राच्या खुर्चीत. परवा बाहेरगावहून आलेली एक नवी सून दारात अडखळली, तर ताई तिला म्हणाली, "आत जा, पोरी. तुझी पर्स माझ्याकडे दे. आणि त्यात खायला काही असलं तर आत्ताच सांग, नंतर मी काही कबूल करायची नाही."