वजन मागे टाका

आमच्या देवासच्या मंगळागौरीच्या गटात मी टाळ्या वाजवणारी होते. मागे एकदा सरावात फुगडी घालताना आपटले, मनगट मोडलं, आणि तेव्हापासून सगळ्या माझ्यावर अशी काही माया करू लागल्या की विचारू नका! "तुम्ही बसा हो ताई, उगीच रिस्क कशाला?" चहाचा ट्रेसुद्धा उचलू द्यायच्या नाहीत. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, तरी मी आपली खुर्चीतच. हळूहळू मलाही वाटायला लागलं की आपल्याला आता जमायचं नाही. आणि आत जीव नुसता तळमळायचा. मला खेळायचं होतं हो!

यंदा धारला स्पर्धा होती. त्याच सुमारास गटात एक वहिनी आल्या. माहेर धारजवळच्या तिरल्याचं, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी, आणि आवाज असा की गल्लीतली गाय बाजूला व्हावी. पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून मला म्हणाल्या, "तुम्ही का बसलात? हात तो चलता है ना? उठा मग."

"अहो, त्यांना नाही झेपणार," बाकीच्या एका सुरात.

"त्यांना विचारलं का कुणी?"

मी उठले. खरं सांगते, रागानेच उठले.

फुगडीसाठी हात अडकवले, पण अंग काही मागे जाईना. मी ताठ उभी, नुसतीच पावलं टाकतेय, आणि वहिनी धडपडतायत. शेवटी भडकल्या. "तुम्ही मागे नाही झुकलात तर मी गिरेन ना! तुम्हाला काय वाटतं, मी एकटीनेच धरलंय?"

मला इतकं फाडकन कित्येक दिवसांत कुणी बोललं नव्हतं. घरी जाऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेआधी हजर! रोज थोडी थोडी मागे जायला लागले. आमची जुंपलेली बघून बाकीच्यांचं 'राहू दे, राहू दे' कमी झालं. गुडघ्यांचं रडगाणं गाणाऱ्या काकूसुद्धा झिम्म्याला उभ्या राहिल्या. पण पूर्ण भार टाकणं मला काही जमेना. ऐन वेळी अंग आखडायचंच.

धारला आमच्या गटाला स्टेजवर बोलावलं. मी वहिनींचे हात धरले आणि दचकलेच. थंडगार, घामाने ओले. समोर त्यांचं अख्खं माहेर येऊन बसलेलं. आई, भावजया, शाळेतल्या मैत्रिणी. वहिनींचा चेहरा पार उतरला होता.

"ताई," त्या कुजबुजल्या, "छोड़ना मत हं."

हे मला! जिला कुणी चहाचा ट्रे उचलू देत नव्हतं, तिला!

"नाही सोडत," मी म्हटलं, पायाला पाय जुळवले आणि सगळं अंग मागे टाकलं.