आत्याची ओवाळणी

आमच्या आत्याला जन्मात कुणी परका माणूस भेटलाच नाही. दौंडच्या फलाटावर गाडी लेट झाली, की ती शेजारच्या बाईला माहेर विचारायची आणि गाडी लागेपर्यंत तिला विहीण नाहीतर नणंद करून टाकायची. "खणत गेलं की नातं लागतंच," म्हणायची. तेव्हा मी तिची टर उडवायचो. आता हसवत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझ्या वडिलांनी, आबांनी, आपली एक द्यायचं ठरवलं. "आक्का, औंदा भाऊबीजेची ओवाळणी हीच," म्हणाले आणि मुंबईला जाऊन देऊन आले. आत्या ते ज्याला-त्याला सांगायची आणि सांगताना रडायची.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं होतं, "पेशींच्या अंगावर प्रथिनांच्या खुणा असतात. त्या बघून रक्तातले पहारेकरी आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. भावाच्या खुणा बऱ्याच जुळल्या, सगळ्या नाहीत. या गोळ्या पहारेकऱ्यांना आवरतात. जन्मभर घ्यायच्या."

"सख्ख्या भावाला कोन आडवील, डाक्टर?" आत्या म्हणाली. आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले नाहीत.

खुटबावला, तिच्या घरी, ती पुन्हा भाकरी थापू लागली, बाजाराला जाऊ लागली. गोळ्यांनी वाटोळं झालेलं तिचं तोंड दिवाळीनंतर उतरलं, तेव्हा सूज गेली म्हणून भावकी खूश झाली. मला मात्र ते तोंड बघून शंका आली.

"आत्या, गोळ्या घेतेस ना?"

"भाऊबीजेलाच सोडल्या." मीठ कमी केल्यासारखं तिनं सांगितलं. "भावानं दिलेल्यावर रोज औशिदाचा पहारा ठिवायचा? त्येचा आपमान न्हाई व्हय?"

मी ओरडलो, आईची शपथ घातली. गोळ्या सुरू झाल्या, पण तोवर घोटे सुजले होते. मग पोटऱ्या. मग लघवी आटली. पुन्हा मुंबई गाठली, पण उन्हाळा लागायच्या आत ती गेली. एवढी मायेची बाई, आणि मला अजून तिचा राग येतो.

तिच्या शरीरानं किडनी नाकारली, हे डॉक्टरांचे शब्द मी आबांना सांगितले. गोळ्यांचंही सांगितलं. त्यांनी कुशीवरच्या व्रणावर हात ठेवला.

"आक्का माझं दिलेलं नाकारंल व्हय? जाडंभरडं लुगडं न्हेलं तरी डोळ्याला लावायची. माझीच खराब निघाली आसंल."