दामूची पट्टी

दामू राठोड गेल्याचा फोन आला, तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्याच्याच मशीनपाशी उभा राहून त्याच्यावर चरफडत होतो. आदल्या दिवशी आईच्या हातासाठी पकड मशीनवर लावून गेला, अन् सकाळी गड्याचा पत्ता नाही! ‘काका झोपेतच गेले,’ त्याचा पुतण्या म्हणाला... मशीनचा डबा अजून कोमट होता. त्यावर हात ठेवून मी नुसता उभा राहिलो.

दामू घाटंजीकडच्या तांड्यावरचा, कॉलेजच्या वर्कशॉपात माझ्या जोडीला. त्याच्या याडीची, म्हणजे आईची, उजव्या हाताची बोटं जिनिंगच्या मशीनमध्ये गेलेली. कॉलेजात हे लेझरचं मशीन आलं तसा हा म्हणाला, “याडीच्या हाताले पकड करतो, बोटांच्या जागी चढवाले.” नायलॉनची पिठासारखी पावडर पसरायची, हवा तेवढा भाग लेझरनं वितळवायचा, वर पुन्हा थर. उरलेली पावडर परत वापरता येते. पण तीही तासन्‌तास शेकलेली असते. चुलीपाशी राहिलेल्या पिठासारखी... दिसायला तशीच, जीव गेलेली. हे आम्हाला कळलं ते पहिली पकड भरल्या बादलीसकट तुटली तेव्हा. बादली याडीच्या पायावर पडली. ती हसली, दामूला मात्र पुढं कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक कामासोबत तो त्याच पावडरीची एक बोटभर पट्टी काढायचा आणि अंगठ्यांनी वाकवून बघायचा. कट्‌कन मोडली की सगळं काम बाद. पुढं कापसाचे वाईट दिवस आले, कॉलेजात फी भरणारी पोरं घटली, पैशाअभावी नवी पावडर येईना. याडी पकडीवाचून बसलेली.

“जुन्या पावडरीतच काढ ना बे, पांढरी तर दिसते!” मी वैतागून म्हणालो.

“कापूसही पांढराच दिसते. व्यापारी माह्या बाबाचा कापूस चिमटीत ओढून पाहे, अन् तुटला का तोंड फिरवे. याडीच्या हातात तसला माल देऊ काय?”

लेकाचा भलता हट्टी! पण नवी पावडर आली, आणि पहिलं काम त्यानं याडीच्या पकडीचंच लावलं... तेच त्याचं शेवटचं.

दामूचे दिवस झाल्यावर मी पकड घेऊन तांड्यावर गेलो. याडीनं ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “पट्टी मोडून पाह्यली का?”

नव्हती पाहिली. हिंमतच झाली नव्हती... मोडली असती तर दुसरी पकड कोण करणार होतं? खिशातून पट्टी काढली. याडी माझ्या अंगठ्यांकडे बघत होती. वाकवली, आणखी वाकवली, टोकाला टोक लागलं. नाही मोडली.

याडीनं पकड चढवली, भरली बादली उचलून ओट्यावर ठेवली, मला पेला भरून दिला. मग मात्र खाली बसून ढसाढसा रडली. मीही रडलो, लपवायचं काय त्यात!

पट्टी तिनं मलाच दिली. आता टेबलावर असते. बसल्या बसल्या हात जातो, वाकवतो. कितीही वाकवा, सरळ होते पठ्ठी... आणि दरवेळी वाटतं, मागून दामू म्हणेल, “हां, आता दे याडीले.”